गोव्याने गमावलेला कायदा

*पोर्तुगालने १८६७ साली फाशी रद्द केली आणि तीन वर्षांनी तोच कायदा गोव्याला लागू केला. मुक्तीनंतर तो गेला. त्या विसरलेल्या कायद्याचा धागा नाशिकरोडच्या तुरुंगापर्यंत येऊन पोचतो.*

सकाळी साडेसहाला गोल्फ क्लबच्या मैदानावर चार फेऱ्या मारायच्या आणि मग कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचा, हा निवृत्तीनंतरचा माझा नेम. आमचा कट्टा सात-आठ जणांचा. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक एस.टी.तले, दोन द्राक्षबागायतदार, एक वकील आणि मी बँकेतला. वर्तमानपत्र एकच, ते हातोहात फिरते. एखाद्या दिवशी त्यात कुठल्यातरी चिमुरडीवरच्या अत्याचाराची बातमी असते आणि चहा यायच्या आत आमचा निकाल लागतो. "भर चौकात फाशी दिली पाहिजे!" मुख्याध्यापकांचा आवाज चढतो, बागायतदार मान हलवतात, वकीलसाहेब गप्प राहतात. मीही बहुतेक वेळा गप्पच. कारण बातमी वाचून माझ्याही पोटात कालवलेले असते आणि त्या क्षणी दुसरे काही सुचत नाही, हे खरे.

परवा असाच निकाल लागला तेव्हा मैदानाच्या नावाकडे माझे लक्ष गेले. आपण सवयीने गोल्फ क्लब म्हणतो, पण त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. फाशी गेलेल्या एका कोवळ्या मुलाच्या नावाच्या मैदानाशेजारी बसून आम्ही रोज कुणाला तरी फाशी देत असतो, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते.

तारखा नाशिककरांना ठाऊक आहेत. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर चढले. गुन्हा, तपास, खटला, शिक्षा आणि अंमलबजावणी, सगळे चार महिन्यांच्या आत.

आता याच तारखेला नकाशा थोडा खाली सरकवून पाहा. कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचे कोकण उतरत दक्षिणेला गेले की सावंतवाडी येते, मग तेरेखोलची खाडी. त्या खाडीच्या पल्याड, त्याच लाल मातीत, तशाच देवळांच्या गावांत, १९१० साली नागरी गुन्ह्यांसाठी फाशीची शिक्षा अस्तित्वातच नव्हती. ती रद्द होऊन चाळीस वर्षे उलटली होती.

पणजीतले वकीलबाब

हे मला कळले ते बँकेमुळे. १९८७ साली माझी बदली पणजीला झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले होते आणि गावात अजून त्याचे अप्रूप होते. आमच्या शाखेत एक वृद्ध गृहस्थ दर महिन्याला लॉकर उघडायला येत. पोर्तुगीज अमदानीत वकिली केलेले. शाखेत सगळे त्यांना वकीलबाब म्हणत. लॉकरचे काम पाच मिनिटांचे, पण नंतर माझ्या टेबलासमोर बसून ते अर्धा तास बोलत. मीही तरुण होतो, थोडा आगाऊ होतो. एकदा पोर्तुगिजांच्या क्रौर्याबद्दल मी जरा जोरातच बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "बाब, तुम्ही म्हणता ते खरे आहे. मी त्यांच्या तुरुंगात राहून आलो आहे, मला सांगू नका. पण एक गोष्ट लिहून ठेवा. एकाच दिवशी त्यांनी दोन कायदे केले होते. एक आम्ही अजून सांभाळून आहोत. दुसरा तुमच्याबरोबर गेला."

म्हाताऱ्या माणसाचे जुन्या दिवसांवरचे प्रेम, असे समजून मी तेव्हा ते सोडून दिले. पुढे कादंबरीच्या निमित्ताने गोव्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला.

तो दिवस १ जुलै १८६७. लिस्बनच्या गादीवर राजा लुईश होता. त्या दिवशीच्या एका कायद्याने पोर्तुगालची नवी नागरी संहिता मंजूर झाली. लग्न, वारसा, संपत्ती यांचे नियम सांगणारी. तीच पुढे गोव्यात आली आणि 'गोव्याचा समान नागरी कायदा' म्हणून आजही आपल्या टीव्हीवरच्या चर्चांत तिचे नाव निघते. त्याच तारखेच्या दुसऱ्या कायद्याने दंडव्यवस्था आणि तुरुंग यांत सुधारणा करून नागरी गुन्ह्यांसाठी मृत्युदंड रद्द केला. त्यामागे होता बार्जोना द फ्रैताश हा न्यायमंत्री. १८७० साली ही तरतूद समुद्रापारच्या वसाहतींनाही लागू झाली, म्हणजे गोवा, दमण आणि दीवलाही.

वात हळूहळू विझली

हे राज्य काही संतांचे नव्हते. याच राज्याने गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडून, इन्क्विझिशन चालवले. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि खटला न चालवता ठार केले. १७८७ साली गोव्यातल्या पाद्री आणि लष्करी अधिकाऱ्यांचा पिंटोंचा कट उघडकीस आला, तेव्हा पुढच्याच वर्षी पंधरा जणांना जाहीरपणे, हालहाल करून मारण्यात आले. फाशी कशी द्यायची आणि लोकांना ती कशी दाखवायची, हे पोर्तुगीज सत्तेला चांगले ठाऊक होते.

मग ऐंशी वर्षांत असे काय घडले? एखादा थोर राजा आला आणि त्याने एका फटक्यात फास काढून टाकला, असे झाले नाही. आधी वापर थांबला, कायदा मागाहून बदलला. पोर्तुगालमध्ये स्त्रीला दिलेली शेवटची मृत्युशिक्षा १७७२ सालची. पुढे न्यायालये शिक्षा सुनावत राहिली, पण राजदरबारातून ती बदलून हद्दपारी किंवा सक्तमजुरी होऊ लागली. नागरी गुन्ह्यासाठी शेवटचा माणूस १८४६ साली लागुश या दक्षिणेकडच्या गावी फासावर गेला. १८५२ साली राजकीय गुन्ह्यांची फाशी रद्द झाली. म्हणजे १८६७ चा कायदा संसदेपुढे आला तेव्हा एकवीस वर्षे त्या देशात कुणी फाशी गेले नव्हते आणि आकाश कोसळले नव्हते. सुधारणावाद्यांचा हाच सर्वांत मोठा युक्तिवाद होता. फ्रान्सचा मोठा कादंबरीकार व्हिक्टर ह्यूगो याने या कायद्याबद्दल लिस्बनच्या एका संपादकाला पत्र लिहून पोर्तुगालचे अभिनंदन केले. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र गिलोटिन १९७७ पर्यंत चालले आणि कायद्याने फाशी जायला १९८१ साल उजाडले.

पोर्तुगाल तिथेच थांबला नाही. १८८४ साली त्याने जन्मठेपही काढून टाकली. कितीही मोठा गुन्हा असला तरी माणसाला दरवाजा कधीतरी उघडेल एवढी आशा ठेवायची, हे तत्त्व तिथे रुजले. आज तिथली कमाल शिक्षा पंचवीस वर्षांची आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले, तेव्हा १९११ च्या मार्चमध्ये सैनिकी गुन्ह्यांचीही फाशी रद्द झाली. ठाण्याला आपली तीन मुले फासावर गेली त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. पण हा रस्ता सरळ नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, रणभूमीवरच्या गुन्ह्यांसाठी मृत्युदंड परत आणला गेला आणि १९१७ साली फ्रान्सच्या आघाडीवर एका पोर्तुगीज सैनिकाला गोळ्या घालण्यात आल्या. हुकूमशाही कोसळल्यावर १९७६ ची राज्यघटना आली आणि तिने कोणत्याही परिस्थितीत मृत्युदंड असणार नाही असे लिहून टाकले. १८४६ ते १९७६. एका शिक्षेचे विसर्जन करायला त्या देशाला एकशे तीस वर्षे लागली.

फास नव्हता, म्हणून दया होती का?

इथे एक सावधगिरी हवी, नाहीतर हा लेख पोर्तुगिजांची भलामण वाटेल.

सालाझारच्या राजवटीत फाशी नव्हती, पण गुप्त पोलिस होते. केप व्हर्दच्या बेटावर ताराफालची छळछावणी होती. तिथे न्यायालयाने मृत्युदंड न देताही माणसे मरत. गोव्यात १९५५ च्या फेब्रुवारीत बाळा राया मापारी हा तरुण पोलिसांच्या कोठडीत मारहाणीने गेला. त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे पडली. त्यात महाराष्ट्रातून गेलेलेही होते. तेव्हा कायद्याच्या पुस्तकात फास नाही म्हणजे राज्य दयाळू, असे समजण्याचे कारण नाही. ज्याला मारायचेच आहे त्याला न्यायाधीशाची गरज पडत नाही.

पण म्हणून पुस्तकातल्या त्या कोऱ्या जागेला काहीच किंमत नव्हती का? मला मोहन रानडे आठवतात. सांगलीकडचे मनोहर आपटे हे गोव्यात शिक्षक म्हणून गेले, मोहन रानडे झाले, आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलिस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. सशस्त्र हल्ला, तोही पोलिसांवर. चापेकर बंधूंचे काय झाले, कान्हेऱ्यांचे काय झाले, १९३१ साली सोलापूरच्या चौघांचे येरवड्यात काय झाले, हे आपण जाणतो. ब्रिटिश राज्यात रानड्यांचा शेवट काय झाला असता, याचा अंदाज कुणालाही करता येईल. पोर्तुगीज न्यायालयाने त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा दिली. गोवा मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात खितपत होते. सुधीर फडक्यांसारख्या माणसांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले. १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. परत आले, लिहिले, समाजकार्य केले, 'पद्मश्री' झाले आणि २०१९ साली पुण्यात वृद्धापकाळाने गेले.

तेरा वर्षांहून अधिक काळाची कैद ही दया नव्हे. पण कैदेतून माणूस परत येतो. फाशीतून येत नाही. रानड्यांना मिळालेली पुढची पन्नास वर्षे सालाझारने दिली नव्हती. १८६७ च्या त्या कायद्याने दिली होती, असे मला वाटते.

एक राहिला, एक गेला

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची गुलामी संपली, ते योग्यच झाले. त्यानंतर काही काळातच भारतीय दंडसंहिता आणि फौजदारी प्रक्रिया गोव्याला लागू झाली. १८६७ ची नागरी संहिता मात्र तशीच ठेवली. वकीलबाबांच्या वाक्याचा अर्थ हा होता. लग्न आणि वारशाचा कायदा राहिला, जिवाचा कायदा गेला. आणि मृत्युदंडाचे कलम परत आले ते १८६० साली ब्रिटिशांनी लिहिलेल्या संहितेतून, म्हणजे एका परकीय राज्याच्या जागी दुसऱ्या परकीय राज्याच्या शाईने.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. एका देशात एक दंडसंहिता असावी हे स्वाभाविक आहे. असे गोव्याच्याच बाबतीत झाले असेही नाही. त्रावणकोर संस्थानाने १९४४ साली फाशी रद्द केली होती. स्वतंत्र भारतात विलीन झाल्यावर तिथेही ती परत आली. तरी मनात येते की स्वातंत्र्याबरोबर आपण ज्या चांगल्या गोष्टी घेऊन यायला हव्या होत्या, त्यांत ही एक का नसावी? असे वाटणारा मी पहिला नाही. घटना समितीत ३ जून १९४९ रोजी, मृत्युदंडाविरुद्ध अपिलाचा हक्क असावा का यावर चर्चा चालू असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यापेक्षा मृत्युदंडच रद्द करणे आपल्याला अधिक पटेल, असे मत मांडले होते. अहिंसेचे तत्त्व मानणाऱ्या देशाला तेच शोभेल, असा त्यांचा आशय होता. तो विषय त्यांनी संसदेवर सोडला. आणि संसद आजपर्यंत त्यावर थांबलेली आहे.

कायदा अगदीच जागेवर राहिला असे नाही. पूर्वी खुनाला फाशी हा नियम होता आणि ती न दिल्यास न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. १९५५ साली ही अट गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उलट केले, फाशी द्यायची असेल तर खास कारणे लिहा. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'दुर्मिळातील दुर्मिळ' ही कसोटी घातली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये विधी आयोगाने दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. पण १ जुलै २०२४ रोजी ब्रिटिशांच्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा तिनेही फाशी ठेवली. तारीख पाहिलीत? पुन्हा १ जुलै. निव्वळ योगायोग, पण वकीलबाब असते तर हसले असते.

लिस्बनची हमी, नाशिकरोडचा कैदी

आता तो पंचवीसचा आकडा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला एक आरोपी, अबू सालेम, २००२ साली लिस्बनमध्ये पकडला गेला. भारताने त्याची मागणी केली. ज्याला फाशी होऊ शकते अशा माणसाला आम्ही सोपवत नाही, जन्मठेपही आमच्या घटनेत बसत नाही, ही पोर्तुगालची भूमिका. तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या सहीने डिसेंबर २००२ मध्ये भारताने लेखी हमी दिली की त्याला फाशी दिली जाणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा अधिक कैदेत ठेवले जाणार नाही. २००५ च्या नोव्हेंबरात त्याला भारतात आणले गेले.

बँकेत ज्याने हमीपत्रावर सही केली आहे त्याला हे चटकन समजेल. हमी देताना गिऱ्हाईक चांगले की वाईट हा प्रश्न असतो. एकदा दिली की तो प्रश्न उरत नाही, उरते ती सही. २०१७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याच खटल्यात दोघांना फाशी सुनावली आणि सालेमला जन्मठेप. त्याच्यासाठी सरकारी पक्षाने फाशी मागितलीच नाही, कारण लिस्बनला दिलेला शब्द आड होता. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की पंचवीस वर्षे भरल्यावर केंद्राने त्या शब्दाला जागले पाहिजे. २०२४ साली या कैद्याला तळोज्याहून आपल्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात हलवण्यात आले.

आता याचा अर्थ पाहा. एकाच कटातले, एकाच न्यायालयापुढचे आरोपी. एक पळून गेला तो पोर्तुगालला, म्हणून त्याच्या गळ्याशी दोर येऊ शकला नाही. ज्यांना तसा आसरा मिळाला नाही त्यांच्या वाट्याला तो आला. बॉम्बस्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांना यात संताप वाटला तर तो मी समजू शकतो. पण मला यातून वेगळीच गोष्ट खुपते. जी हमी आपण परक्या देशाच्या आग्रहाखातर एका गुंडासाठी देऊ शकलो, ती आपल्याच देशातल्या गरीब, बिनवशिल्याच्या आरोपीला मात्र देऊ शकत नाही. आणि असे आरोपी कल्पनेतले नाहीत. ते आपल्या जिल्ह्यातच होते.

पेरूच्या बागेतला खटला

२००३ च्या जूनमध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले. सारा जिल्हा हादरला. आपल्यापैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. 'भर चौकात' हे शब्द तेव्हाही चहाच्या टपऱ्यांवर बोलले गेले, मीही बोललो असेन. पोलिसांनी भटक्या जमातीतली सहा माणसे पकडली. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली.

कायद्याच्या दृष्टीने सगळे संपले होते. उरला होता फक्त दोर. दया अर्ज, पुनर्विलोकन, तारखा, यांत दिवस गेले, म्हणून ती माणसे जिवंत राहिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निर्णय मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे आधीच पुढे आले होते. आणि या खटल्यातली सर्वांत सुन्न करणारी गोष्ट ही की, हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधल्या भलत्याच चार माणसांना ओळखले होते. त्यांच्यावर खटला भरलाच गेला नाही. न्यायालयाने त्या चौघांबाबत पुढे तपास करायला सांगितले आणि सोडलेल्या प्रत्येकाला राज्याने पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. सोळा वर्षांचे पाच लाख.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शाखेत रोख रकमेत मोठी तूट आली होती. संशय एका तरुण रोखपालावर गेला. निलंबन झाले, चौकशी झाली. चौकशीच्या एका कागदावर माझीही सही होती आणि कागदपत्रे पाहता त्याच्याखेरीज दुसरे कोणी असणे मला शक्य वाटत नव्हते. सव्वा वर्षाने कळले की दुसऱ्याच शाखेत एक नोंद चुकीच्या खात्याला पडली होती. उलट नोंद घातली, हिशेब जुळला, मुलगा कामावर परत आला, थकलेला पगार मिळाला. मधल्या काळात त्याचे ठरलेले लग्न मोडले होते, ते काही जुळले नाही. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, मी आहे म्हणून तुम्ही मागू तरी शकलात."

बँकेच्या वहीत प्रत्येक चुकीला उलट नोंद असते. पेरूच्या बागेच्या खटल्यातही ती घालता आली, कारण ती सहा माणसे होती.

"आणि त्या पोरीचे काय?"

हे सगळे मी कट्ट्यावर सांगितले. सगळे शांतपणे ऐकत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "ठीक आहे. पण त्या पोरीचे काय? तिच्या आईबापांचे काय?"

हा प्रश्न टाळता येणार नाही. पुण्यात १९७६-७७ साली एकामागून एक खून झाले तेव्हा माझी आत्या सदाशिव पेठेत राहत होती. दिवस मावळला की दारे बंद. १९८३ साली त्या जोशी-अभ्यंकर खटल्यातले चौघे येरवड्यात फासावर गेले तेव्हा तिने देवापुढे दिवा लावला होता. तिला मी चूक म्हणणार नाही. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी कसाबची बातमी आली तेव्हा मलाही वाईट वाटले नव्हते, हेही कबूल करतो.

पण फाशीमुळे गुन्हे कमी होतात का, याचे उत्तर कुणापाशी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली कित्येक वर्षांचे अभ्यास तपासले आणि त्यांवरून काहीही ठरवता येत नाही असा निष्कर्ष काढला. पोर्तुगालमध्ये दीडशे वर्षांहून अधिक काळ फाशी नाही, आणि तिथे खुनाचे प्रमाण लाख लोकांमागे साधारण एक किंवा त्याहून कमी आहे. आपल्याकडे दोनाच्या आसपास. देश वेगळे, माणसे वेगळी, तेव्हा या आकड्यांवरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. एवढेच म्हणतो की फास काढला म्हणून तिथे रक्ताचे पाट वाहिले नाहीत.

आणि झटपट न्यायाचे म्हणाल, तर फाशीची वाटच सर्वांत लांब असते. मुले पळवून मारणाऱ्या गावित बहिणींना १९९६ साली अटक झाली, २००१ साली फाशी सुनावली गेली. दया अर्जांना इतका विलंब झाला की २०२२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाला ती शिक्षा जन्मठेपेत बदलावी लागली. त्या मुलांच्या आयांनी पंचवीस वर्षे कशाची वाट पाहिली?

मुख्याध्यापकांना मी एवढेच विचारले, "सर, पेरूच्या बागेतल्या त्या बाईचे काय? ते सहा जण फासावर गेले असते तर आपण पेढे वाटले असते. फाईल बंद झाली असती. तिने ज्या चौघांना ओळखले त्यांचे नावही पुन्हा कुणी काढले नसते. मग न्याय तिला मिळाला असता की आपल्याला?"

ते काही बोलले नाहीत. इतके दिवस गप्प असलेले वकीलसाहेब चहाचा पेला ठेवत म्हणाले, "निदान तिच्या फाईलवर पुढचा तपास करा, एवढे तरी लिहिता आले."

ऊन चढले होते. आम्ही उठलो. मैदानात पोरांची क्रिकेटची जाळी लागली होती. कान्हेरे त्यांच्याहून फार मोठे नव्हते.